पांढरा डाग दिसला की ट्यूब मागायच्या आधी हे बघा

लालबागला मेडिकलच्या काउंटरवर उभं राहून मला २० वर्षं होत आली आणि या काचेवर लोकांनी काय काय दाखवलंय ते विचारू नका. कोणी बाही वर करतं, कोणी शर्टाची वरची दोन बटणं काढतं, कोणी मोबाईलवर फोटो झूम करून नाकासमोर धरतं, एका आजोबांनी तर भर गर्दीत लेंगा गुडघ्यापर्यंत वर केला होता, आणि प्रश्न ठरलेला, "दादा, हे पांढरं काय उठलंय, एखादी चांगली ट्यूब द्या ना." मागे बीपीच्या गोळ्यावाले चार जण खोळंबलेले असतात, त्यातला एक तोंड घालतो की कॅल्शियम कमी झालंय, दुसरा म्हणतो पोटात जंत असतील, आणि तिसरा काही बोलत नाही पण हळूच दोन पावलं मागे सरकतो. मला या तिसऱ्याचा जास्त राग येतो.

मी डॉक्टर नाही, फार्मसिस्ट आहे, तेव्हा हे वाचून स्वतःचं निदान स्वतः करत बसू नका. पण पांढरा डाग हा काही एक आजार नाही, त्या दोन शब्दांत निदान सात-आठ वेगवेगळ्या गोष्टी कोंबलेल्या आहेत, काही आपोआप जाणाऱ्या, काही वर्षानुवर्षं सोबत राहणाऱ्या आणि एक अशी की उशीर केला तर हाताची बोटं कायमची वाकडी होऊ शकतात. घरी दहा मिनिटं नीट बघितलं तर निदान एवढं कळतं की डॉक्टरकडे किती घाईने जायचं आणि तोवर काय लावायचं नाही.

आता बघायचं कसं. पहिलं म्हणजे उजेड. ट्यूबलाइटखाली सगळेच डाग सारखे फिके दिसतात, म्हणून सकाळी खिडकीपाशी किंवा गॅलरीत या, चेहऱ्याला पावडर क्रीम काही नको. मग फोटो काढा आणि डागाच्या शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून काढा, म्हणजे तीन आठवड्यांनी त्याच जागी त्याच उजेडात परत काढला की वाढलाय की तेवढाच आहे यावर नवरा-बायकोची भांडणं होणार नाहीत. नाणं नसलं की प्रत्येकाला वाटतं वाढलाच आहे.

मग रंग बघा. फळ्यावरच्या खडूसारखा किंवा दुधासारखा पांढराफटक आहे, की आपल्या कातडीचाच रंग थोडा उतरल्यासारखा फिका आहे? हा सगळ्यात मोठा फरक आहे, कारण पांढराफटक म्हणजे त्या जागी रंग बनवणाऱ्या पेशी बहुतेक उरलेल्याच नाहीत आणि फिका म्हणजे पेशी आहेत पण काम मंद चाललंय. मग कड बघा, पेनाने रेघ मारल्यासारखी स्पष्ट आहे की आजूबाजूच्या रंगात विरघळत गेलीय. मग नखाने हलकं खरवडा, अगदी हलकं, रक्त काढायचं नाहीये, आणि बघा रव्यासारखा बारीक कोंडा सुटतो का. डागावरचे केस काळे आहेत की तेही पांढरे झालेत ते बघा. आणि शेवटचं, जे कोणीच करत नाही, त्या जागेला स्पर्श कळतो का ते बघा. कापसाची वात करा, टोक बारीक काढा, माणसाला डोळे मिटायला सांगा आणि कधी डागावर, कधी शेजारच्या चांगल्या कातडीवर टेकवा, जिथे लागलं तिथे बोट ठेव म्हणायचं. ओढायची नाही, फक्त टेकवायची. डागावर टेकवल्यावर तो गप्प राहत असेल तर ट्यूब, तेल, लेप सगळं बाजूला ठेवून त्याच आठवड्यात सरकारी नाहीतर पालिकेच्या हॉस्पिटलात जायचं. का ते पुढे सांगतो.

मुंबईत सगळ्यात जास्त काय दिसतं म्हणाल तर शिबं. जून लागला की काउंटरवर शिबं यायला लागतात आणि ऑक्टोबरची घामट संपेपर्यंत येत राहतात. छाती, पाठ, मान, दंडाचा वरचा भाग, आणि बहुतेक तरुण पोरं, जिमवाली, डिलिव्हरीवाली, विरार फास्टला लटकून येणारी. ही एक प्रकारची बुरशी, मॅलॅसेझिया नाव तिचं, आणि गंमत म्हणजे ती तुमच्या माझ्या सगळ्यांच्या अंगावर एरवीही असतेच, घाम, दमटपणा आणि तेलकट कातडी मिळाली की मात्र फोफावते. ती एक आम्ल सोडते ज्याने कातडीचा रंग बनायचं काम मंदावतं, म्हणून सावळ्या अंगावर फिके ठिपके दिसतात आणि ते एकमेकांत मिसळून नकाशासारखे होतात. गोऱ्या माणसाला हेच ठिपके तपकिरी किंवा गुलाबी दिसू शकतात, त्यामुळे दोन भावांना एकच आजार वेगवेगळ्या रंगात असं पण होतं. खाज थोडी किंवा अजिबात नाही, आणि नखाने खरवडलं की तो रव्यासारखा कोंडा. एकाचं दुसऱ्याला सहसा लागत नाही, टॉवेल वेगळा ठेवा म्हणून घरात तमाशा करायची गरज नाही.

याला ट्यूबने काही होत नाही असं नाही पण आख्ख्या पाठीला ट्यूब किती पुरणार, म्हणून डॉक्टर बहुतेक वेळा शॅम्पू देतात, केटोकोनॅझोलचा २ टक्केवाला किंवा सेलेनियम सल्फाइडचा. केसांसाठीचा शॅम्पू पाठीला कशाला असं विचारत लोक परत येतात. डोक्यात कोंडा करण्यामागे हीच बुरशी असते, म्हणून. तो अंगाला फासून लगेच धुवायचा नाही, ५ ते १० मिनिटं तसाच ठेवायचा आणि मग आंघोळ, असं डॉक्टर सांगतील तेवढे दिवस, साधारण ५ ते ७. आमच्याकडचे अर्धे लोक फासतात आणि लगेच तांब्या ओततात, कारण चाळीत बाहेर लाइन लागलेली असते, मग म्हणतात औषध लागू पडलं नाही. अंगाला तेल चोपडणं तेवढे दिवस बंद करा. बनियन रोजचा रोज बदला आणि पावसाळ्यात अर्धवट ओला कपडा घालून बाहेर पडू नका, हे सांगणं सोपं आहे, जुलैत मुंबईत कपडे वाळवून दाखवा म्हटलं तर मी पण गप्प, आमच्याकडे पंख्याखाली दोरी बांधलेली असते.

आणि एक गोष्ट नीट लक्षात घ्या कारण यावरून लोकांनी माझ्याशी अक्षरशः भांडणं केलीत. बुरशी मेली तरी रंग लगेच परत येत नाही. कोंडा पडायचा थांबला म्हणजे काम झालं, रंग भरायला मात्र आठवडे, कधी काही महिने जातात. तोवर दर आठवड्याला नवीन ट्यूब, नवीन डॉक्टर, नवीन लेप असं करू नका. पुढच्या पावसाळ्यात परत उठण्याची शक्यता भरपूर, ज्यांना दरवर्षी होतं त्यांना डॉक्टर सीझनमध्ये महिन्यातून एकदा तोच शॅम्पू वापरायला सांगतात. केटोकोनॅझोलची पोटातली गोळी मात्र कोणी जुन्या ओळखीवर मागू नका, यकृताला त्रास होतो म्हणून या कामासाठी ती आता देत नाहीत.

दुसरी मोठी गर्दी पोरांची. मे महिना गावी घालवून पोरं परत येतात, शाळा सुरू होते आणि आई गाल दाखवायला घेऊन येते, गालावर दोन-तीन फिके गोल, कड अस्पष्ट, हात फिरवला तर किंचित खरखरीत. बरोबर आजी असते आणि आजीचं ठाम मत असतं की जंत झालेत. जंताची गोळी आजींना मी नाकारत नाही, शाळेत पण देतात, पण या डागांचा आणि जंतांचा संबंध नाही आणि कॅल्शियमचा पण नाही. हे कोरड्या कातडीचं काम आहे, ज्या पोरांना ॲलर्जीची, दम्याची, कोपराच्या खोबणीत खाज सुटायची सवय असते त्यांना जास्त होतं, डॉक्टर याला पिटिरियासिस अल्बा म्हणतात. उन्हात खेळून बाकीचा चेहरा रापतो आणि हा कोरडा भाग तसाच राहतो, म्हणून डाग वाढलाय असं वाटतं. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच साधं वास नसलेलं मॉइश्चरायझर, दिवसातून दोनदा, साबण सौम्य, आणि उन्हात टोपी. बाकी वाट बघायची, महिने लागतात, कधी वर्ष, पण जातात. लाल झाले, खाज आली तर डॉक्टर थोडे दिवस हलकं मलम देतील, ते त्यांनी सांगितलेल्या दिवसांपुरतंच.

आता ती कापसाची वात. ही गोष्ट सांगायला मला बरं वाटत नाही पण सांगतो. आमच्या लाइनीत चहा देणारा एक मुलगा होता, किटली आणि कटिंगचे ग्लास घेऊन दिवसातून चारदा दुकानात यायचा. त्याच्या हातावर कोपराच्या खाली फिकट तांबूस चट्टा होता, त्याने विचारलं आणि मी न बघता, हो, न बघता, नायट्याची ट्यूब दिली. संपली तर दुसरी दिली. चारेक महिन्यांनी एकदा चहा ओतताना दिसलं की त्याच चट्ट्यावर भाजून मोठा फोड आलाय, म्हटलं काय रे हे, तर तो म्हणाला किटली टेकली असेल, कळलंच नाही. कळलंच नाही हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. दुकानात कापूस होताच, वात केली, डोळे मिटायला लावले, तो सगळीकडे बरोबर बोट ठेवत होता, त्या चट्ट्यावर वात टेकवली की नुसता उभा. दुसऱ्या दिवशी त्याला पालिकेच्या हॉस्पिटलात घेऊन गेलो, तिथल्या मॅडमनी चट्टा नंतर बघितला, आधी कोपराच्या आतल्या बाजूची नस बोटाने चाचपली, जाड झालीय का ते. कुष्ठरोग होता.

आणि मग काय झालं, तर सहा महिने गोळ्या घेतल्या आणि बरा झाला. एवढंच. औषध फुकट मिळतं, महिन्याचं एक पाकीट, पाच किंवा त्याहून कमी चट्टे असले तर सहसा सहा महिने, जास्त असले तर वर्षभर. महिन्याच्या पहिल्या डोसनंतर लघवी लाल होते, त्यातल्या रिफाम्पिसिनमुळे, पोरगा घाबरून पळत दुकानात आला होता, मी पण सांगायला विसरलो होतो. वर्षभराच्या कोर्समध्ये कातडी थोडी काळपटते, ते नंतर हळूहळू उतरतं. गोळ्या सुरू झाल्या की दुसऱ्याला लागण्याची भीती लवकरच जवळजवळ संपते आणि तसाही हा आजार सहजासहजी लागत नाही, जंतू शिरून डाग दिसेपर्यंत पण वर्षं जातात. २००५ च्या डिसेंबरात देशपातळीवर कुष्ठरोगाचं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आल्याचं जाहीर झालं आणि लोकांनी ऐकलं की रोग संपला, तसं नाहीये, जगातले अर्ध्याहून जास्त नवीन पेशंट अजून आपल्या देशातच सापडतात. वडाळ्याचं अ‍ॅकवर्थ हॉस्पिटल १८९० पासून याच कामासाठी उभं आहे, कित्येक मुंबईकर त्याच्यासमोरून रोज जातात आणि ते कशाचं हॉस्पिटल आहे हे त्यांना माहीत नसतं. नवरा किंवा बायकोला कुष्ठरोग आहे या कारणावर घटस्फोट मागायची कायद्यातली सोय पण २०१९ मध्ये काढून टाकलीय. फक्त उशीर करायचा नाही, नस एकदा खराब झाली की गोळ्यांनी जंतू मरतो पण गेलेली जाणीव पूर्ण परत येईल याची खात्री नाही. आणि हो, चेहऱ्यावरच्या चट्ट्याला कधी कधी स्पर्श कळतो तरी तो कुष्ठरोगाचा असू शकतो, म्हणून वातीची परीक्षा पास झाली म्हणजे सुटलो असं नाही. तळहात-तळपायाला मुंग्या, चप्पल पायातून निसटली तरी न कळणं, बोटात ताकद कमी, हेही डॉक्टरला सांगा.

आता कोड. इथे पहिला घोळ भाषेचाच आहे. हिंदीत कोढ म्हणजे कुष्ठरोग आणि आपण मराठीत कोड म्हणतो ते पांढऱ्या डागांना, आणि मुंबईत दोन्ही भाषा एकाच डब्यात उभ्या असतात, त्यात वर श्वेतकुष्ठ असाही एक शब्द कोणीतरी चिकटवून ठेवलाय. या शब्दांच्या खिचडीने किती घरांत काय काय झालंय. कोड हा जंतूंचा आजार नाहीच, शरीराची स्वतःची संरक्षण यंत्रणा चुकून रंग बनवणाऱ्या पेशींवर हल्ला करते, बस. हात लावून, एका ताटात जेवून, शेजारी झोपून, लग्न करून लागत नाही. डाग खडूसारखा पांढरा, कड स्पष्ट, कोंडा नाही, बधीर नाही, बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना सारखा, दोन्ही गुडघे, दोन्ही हातांची बोटं, डोळ्यांभोवती, ओठांवर. जिथे घासतं, खरचटतं, भाजतं तिथे नवीन उठू शकतो, म्हणून घट्ट इलॅस्टिक, चपलेचा चावणारा पट्टा टाळायला सांगतात. बांगडा खाऊन दूध प्यायलं म्हणून कोड आलं हे मी कोळीवाड्यातल्या माणसाकडून पण ऐकलंय. मासे-दूध, आंबट, दही, लिंबू यांचा काही संबंध नाही, उगाच पोरांची ताटं रिकामी करू नका.

डॉक्टर अंधाऱ्या खोलीत एका खास निळसर दिव्याखाली डाग बघतात, वुड्स लॅम्प, त्यात कोड लख्ख निळंपांढरं चमकतं आणि साध्या उजेडात न दिसलेले डाग पण दिसतात. रक्तात थायरॉइड तपासायला सांगतील, कारण कोडाबरोबर थायरॉइडचा त्रास बऱ्याच जणांना असतो, तेव्हा उगाच टेस्ट लिहिली म्हणून कुरकुर करू नका. उपचार आहेत, कोणी काही उपाय नाही म्हणून घरी पाठवलं तर दुसऱ्याकडे जा. लावायची मलमं असतात, काही स्टेरॉइडची, काही टॅक्रोलिमसची, आणि ३११ नॅनोमीटरची नॅरोबँड लाइट, म्हणजे मशीनमधून मोजून देतात तो अतिनील किरणांचा शेक, आठवड्यातून दोन-तीनदा, कित्येक महिने. अमेरिकेत २०२२ च्या जुलैत रक्सोलिटिनिब नावाचं मलम खास यासाठी मंजूर झालं. डाग वर्षभर तरी स्थिर असेल तर शस्त्रक्रियेने दुसरीकडची रंगाची कातडी किंवा पेशी तिथे लावतात. चेहरा लवकर साथ देतो, बोटांची टोकं आणि ओठ फार चिवट, आणि डागावरचे केस पांढरे झाले असतील तर अवघड, कारण रंग परत येतो तो केसांच्या मुळातून. एक ताई माझ्याकडून दीड वर्षं टॅक्रोलिमस नेत होत्या, लॉकडाऊन संपून किती काळ झाला तरी त्यांनी मास्क सोडला नव्हता. एक दिवस मास्क खाली करून म्हणाल्या, बघा. पांढऱ्यात बारीक तपकिरी ठिपके, मोहरी सांडल्यासारखे. त्या ठिपक्यांची वाट बघायची असते, आणि सहा महिन्यांच्या आत लाइट लागू पडली नाही म्हणून सोडायची नसते.

बावचीचं तेल हा एक वेगळाच ताप. बावचीत असं द्रव्य असतं की ते लावून उन्हात गेलं की कातडी भाजते, डोस आणि ऊन दोन्ही मोजूनच वापरायची गोष्ट आहे ती, आणि लोक युट्यूब बघून दुपारी बाराला गच्चीत बसतात. कोडावर चार फोड आणि फोडाच्या जागी नवीन कोड.

आईचं कपाळ सांगायचं राहिलं. आमच्या बाथरूमच्या आरशावर आईच्या टिकल्या रांगेत चिकटवलेल्या असतात, रात्री काढायची, सकाळी तीच लावायची, गोंद संपेपर्यंत. काही वर्षांपूर्वी बघतो तर कपाळावर मधोमध टिकलीच्या बरोबर मापाचा पांढरा गोल, जणू पांढरी टिकलीच लावलीय. काही टिकल्यांच्या गोंदात एक रसायन असतं, पॅराटर्शरी ब्युटाइल फिनॉल, ते रंगाच्या पेशी मारतं. तसंच काही रबरी चपलांचे पट्टे, काही हेअर डाय. म्हणून डागाचा आकार बघा हो, पायावर चपलेच्या पट्ट्याचा इंग्रजी व्ही उमटला असेल तर उत्तर पायातच आहे. वस्तू बंद करणं हाच पहिला उपाय, रंग कधी परत येतो, कधी अर्धवट, कधी डाग दुसरीकडे पण पसरतो, म्हणून दाखवायचं लवकर. आईला टिकली सोड म्हणणं काय असतं ते ज्याची आई आहे त्याला कळेल, "मोकळ्या कपाळाने दारात उभी राहू?" एवढं एकच वाक्य. शेवटी मेण आणि पिंजरीवर तडजोड झाली, तिच्या आईसारखी. आता कुंकवातल्या रंगांनी पण काहींचं कपाळ काळवंडतं, त्यामुळे तिच्या कपाळावर माझं लक्ष असतं. अर्धा रंग भरलाय.

चाळिशी-पन्नाशीनंतर नडगीवर, हाताच्या बाहेरच्या बाजूला तांदळाच्या कणीएवढे पांढरे ठिपके येतात, गुळगुळीत, न वाढणारे, ते वयाचे आणि उन्हाचे. कोड म्हणून घाबरलेले बरेच काका यातले असतात. सोडून द्या. बाळाला जन्मापासून असलेला एखादा फिका डाग तो मोठा होईल तसा अंगाबरोबर वाढतो आणि तसाच राहतो, पण तान्ह्या बाळाच्या अंगावर असे तीन-चार डाग असतील, पानाच्या आकाराचे, आणि त्याला झटके येत असतील तर बालरोगतज्ज्ञाला दोन्ही गोष्टी एकत्र सांगा. गुडघ्यात किंवा मनगटात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल आणि तिथे महिन्या-दोन महिन्यांनी पांढरं पडलं तर ते इंजेक्शनमुळे, बहुतेक वेळा हळूहळू भरतं.

उलट बाजूचे, काळे डाग, थोडक्यात सांगतो. गालांवर दोन्ही बाजूंना फुलपाखरासारखे तपकिरी ते वांग, गरोदरपणात, गर्भनिरोधक गोळ्यांवर आणि उन्हाने वाढतात, सनस्क्रीन न लावता वांगावर क्रीम लावणं म्हणजे नळ चालू ठेवून लादी पुसणं. मान आणि काख मखमलीसारखी काळी जाड झाली असेल तर घासणीने घासू नका, तो मळ नाहीये, घासून अजून काळी होते, साखर तपासा आणि वजनाकडे बघा. तळपायाला किंवा नखाखाली नवा काळा डाग वाढत असेल, कडा वेड्यावाकड्या असतील, रक्त येत असेल तर लगेच दाखवा.

आणि आता ट्यूब, जिच्यासाठी सगळे येतात. दाद-खाज-खुजलीच्या नावाने खपणाऱ्या, एकाच ट्यूबमध्ये तीन-चार औषधं असलेल्या ज्या आहेत ना, त्यात एक स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, लालपणा जातो, माणूस खुश, आणि आत बुरशी मजेत पसरत असते, नायट्याचा आकार असा बदलतो की डॉक्टरला पण ओळखू येत नाही. तेच चेहऱ्यावर गोरं व्हायला लावणाऱ्या मुली आहेत, महिन्यात उजळतं, मग कातडी पातळ, बारीक लाल शिरा, पुरळ, हनुवटीवर केस, उन्हात गेलं की आग, आणि सोडलं की दुप्पट उसळतं म्हणून परत तीच ट्यूब. २०१८ मध्ये सरकारने अशी बरीचशी लावायची स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं केलं, पण कोण किती पाळतं ते गल्लीत फिरून बघा, आणि मी सुरुवातीला काय केलं ते वर सांगितलंच आहे. ट्यूबच्या मागचं बारीक अक्षर वाचा, क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यातलं काही लिहिलं असेल तर ते स्टेरॉइड आहे, वाईट औषध नाही, पण कुठे, किती, किती दिवस हे डॉक्टरने ठरवायचं. महिनोन्‌महिने चेहऱ्यावर लावत असाल तर एकदम पण बंद करू नका, दाखवून सोडा. लेबल नसलेलं, डबीतलं गोरं करणारं क्रीम कुठूनही घेऊ नका, अशा क्रीममध्ये पारा सापडतो आणि तो किडनीला नडतो.

दाखवायचं कुठे, तर परळचं केईएम, सायन, मुंबई सेंट्रलचं नायर, भायखळ्याचं जेजे, जुहूचं कूपर, सगळीकडे त्वचारोगाची ओपीडी आहे, सकाळी लवकर जा, केसपेपरच्या लाइनीतच अर्धा दिवस जातो, हातात वडापाव आणि पाण्याची बाटली असू दे. त्या दिवशी डागाला काही लावू नका, तेल पण नाही, कारण कोंडा खरवडून स्लाइडवर बघायचा असतो आणि तेलाने सगळा बसतो. नखांचं पॉलिश काढून जा. सुट्टा कपडा घाला, पूर्ण पाठ बघायला लागली तर बटणांशी झटापट नको, आणि डॉक्टरने बाकीचं अंग दाखवा म्हटलं तर लाजू नका, दुसरा डाग बऱ्याचदा जिथे स्वतःला दिसत नाही तिथेच असतो. नाण्यावाले फोटो वेगळे काढून ठेवा, नाहीतर आत गेल्यावर लग्नाचे आणि गणपतीचे फोटो सरकवण्यात तुमची तीन मिनिटं संपतात. आणि आतापर्यंत जे जे लावलं ते सगळं पिशवीत घालून न्या, चेपून गुंडाळलेल्या ट्यूबा, शेजारच्या काकूंनी दिलेली डबी, बावचीची बाटली, आमच्यासारख्याने नुसती हातात टेकवलेली ती ट्यूब पण, आणि डॉक्टरने विचारलं की कोणी दिली, तर मेडिकलवाल्याने दिली म्हणून खुशाल सांगा.